डोनातच्या झाडाखालचा नर

आमच्या विरौदा तळ्यावर नाताळचं झाड कुणी जाळत नाही. जानेवारीत तीन राजांचा सण झाला, दारांवर खडूची अक्षरं काढून झाली, की प्रत्येक घर आपलं झाड ओढत तळ्याच्या बर्फावर नेतं. तिथं त्याच्या बुंध्याला दोरीनं धोंडा बांधायचा, फांदीला घराचं नाव लिहिलेली लाकडी चकती लटकवायची आणि झाड काठाजवळच्या उथळ भागावर आडवं टाकून घरी यायचं. एप्रिलमध्ये बर्फ फुटतो, झाड आपोआप बुडतं आणि मे महिन्यात त्याच्या फांद्यांवर झांडर मासे अंडी घालतात. मग कुणाच्या झाडाला मासा लागला यावर गावभर पैजा चालतात.

ही खोड माझ्या नवऱ्यानं लावली. झेनोन गेला त्याला आता चार वर्षं झाली. विरौदात झांडर मुळात नव्हताच. पंधरा वर्षांपूर्वी झेनोननं दुधाच्या कॅनमधून बोटभर लांबीची दोनशे पिल्लं आणून सोडली तेव्हा लोक हसले होते. त्यानंतर दरवर्षी तो आणत राहिला, सोडत राहिला. आणलेली पिल्लं जगायची, मोठी व्हायची, अंडीही घालायची, पण त्या अंड्यांतून काही जगायचं नाही. तो मेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्या बारीक जाळ्यात पहिल्यांदा अशी पिल्लं आली, जी कुणीही बाहेरून आणलेली नव्हती. इथंच जन्मलेली. मी होडीत बसून रडले. बघायला तो नव्हता म्हणून रडले, आणि त्याचा रागही आला. मेल्याला आणखी एक वर्ष थांबायला काय झालं होतं?

झेनोननंतर तळ्याची राखणदार मी. पंचायतीनं कागद दिला, जिल्ह्याच्या मत्स्य कचेरीनं प्राणवायू मोजायचं यंत्र दिलं. पाण्यात तार सोडायची, आकडा बघायचा, वहीत लिहायचा. आकडा पाचच्या वर असला की निवांत झोपायचं. तीनच्या खाली गेला की झांडर तडफडायला लागतो आणि एकच्या आसपास संपतो. पाइक त्याहून थोडा टिकतो, पर्चही थोडा. करूसा नावाचा एक जाडा, आळशी, चिखलातला मासा आहे, तो प्राणवायू नसला तरी महिनामहिना पडून राहतो. त्याला कोणी मारू शकत नाही आणि त्याला कोणी खातही नाही.

राखणदार म्हणून माझा गावात दरारा आहे. माप भरत नाही असा एक मासा कुणाच्या पिशवीत सापडला तर मी सख्ख्या भाच्यालाही सोडलेलं नाही. आणि सगळ्यांत जास्त वेळा मी ज्याला धरलं, तो माझा धाकटा दीर डोनात. या माणसानं उभ्या आयुष्यात एक नियम पाळला असेल तर शपथ. वीण चालू असताना जाळी टाकणं, रात्री दिवा लावून भाल्यानं पाइक मारणं, सगळं करून झालंय. धरला की दात काढतो. म्हणतो, "वहिनी, पावती फाड, पण आधी चहा पाज."

त्याच्या झाडाला आजवर एकदाही झांडर लागलेला नाही. "मासे माझ्या झाडाला शिवत नाहीत," तो म्हणायचा. "तू त्यांचे कान भरलेस."

या वर्षी जानेवारीत बर्फ पडला तो थांबेचना. तळ्यावर आधी हातभर जाड गोठलेलं पाणी आणि त्याच्यावर मांडीपर्यंत भुसभुशीत बर्फ. खाली उजेड जाईना. उजेड नाही म्हटल्यावर पाण्यातलं शेवाळ प्राणवायू बनवेना, आणि तळाचा सडका चिखल मात्र असलेला खातच राहिला. आडव्या झाडांच्या नुसत्या वरच्या फांद्या बाहेर दिसत होत्या. फेब्रुवारीच्या मध्यावर यंत्रानं चार दाखवले. आठवड्यानं साडेतीन. महिना संपता संपता दोन पूर्णांक सहा.

गावानं जे करता येण्यासारखं होतं ते केलं. पट्टेच्या पट्टे बर्फ बाजूला सारला, भोकं पाडली, भोकं पुन्हा गोठू नयेत म्हणून त्यांत लव्हाळ्याच्या जुड्या उभ्या केल्या, जशा आमच्या आज्या करायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ पडायचा आणि पट्टे बुजून जायचे. माझे हात फुटले, पाठ गेली.

शेवटी कचेरीतल्या रूताला फोन लावला. रूता मत्स्यतज्ज्ञ आहे, तिशीची पोर, पण डोकं शांत. तिनं सगळे आकडे ऐकून घेतले.

"मावशी, पंप आहे का कुणाकडे?"

"डोनातकडे आहे. बटाट्याला पाणी देतो तो. ट्रॅक्टरवर चालतो."

"मग तो ओढ्याच्या तोंडाशी लावा, उथळ भागात. पाणी उचलून हवेत फवारा, परत भोकात पडू द्या. तेवढ्या एका कोपऱ्यात प्राणवायू वाढेल. सगळं तळं वाचवायला जाऊ नका, एक कोपरा वाचवा. मासे आपणहून तिकडे येतील."

"आणि झांडर?"

"बहुतेक येतील. पण एक ऐका. ते हिवाळ्यात ज्या खोल जागी बसतात ना, तिथं पंप लावायचा नाही. काही झालं तरी नाही. तिथला चिखल सगळ्यांत सडका असतो. तो ढवळला गेला की उरलासुरला प्राणवायू तासाभरात जातो."

"कळलं गं," मी म्हटलं. मला खरंच कळलं होतं. म्हणून तर आज बोलताना तोंड कडू होतं.

त्या खोल जागेला आम्ही कढई म्हणतो. आम्ही म्हणजे झेनोन आणि मी. बाकी तळं पुरुषभर खोल, पण एका ठिकाणी तळ खाली गेलाय, आणि थंडी पडली की तळ्यातले सगळे मोठे झांडर तिथं एकमेकांना खेटून बसतात. ती जागा ज्याला कळली तो एका जाळ्यात तळं रिकामं करील. मरायच्या आधी इस्पितळात झेनोननं माझा हात धरून सांगितलं होतं, "कढई कुणाला दाखवू नकोस. डोनातला तर अजिबात नाही." बायकोला शेवटचं सांगायचं ते हे. मी त्याच्या तोंडावर म्हटलंही तसं, आणि तो हसला.

डोनातनं त्याच दिवशी ट्रॅक्टर बर्फावर उतरवला. ओढ्याच्या तोंडाशी पंप सुरू झाला, पाण्याचा फवारा उडायला लागला. उणे अठरा तापमान, डोनातच्या मिशांना बर्फाच्या काड्या. आम्ही आळीपाळीनं राबलो. तो डिझेल घालायचा, मी भोकाच्या कडा फोडत राहायची. मध्ये राय धान्याचा काळा पाव आणि खारवलेली चरबी, उभ्या उभ्या.

"वहिनी, आयुष्यात पहिल्यांदा मी दिवसाढवळ्या तळ्यावर काम करतोय," तो म्हणाला. "जरा लाज वाटतेय."

दुसऱ्या दिवशी दुपारी पर्च आले. मग पाइक आले. भोकाखालून करड्या पाठी सरकताना दिसायला लागल्या. तिथं यंत्र साडेतीन दाखवत होतं. डोनातनं टोपी काढून माझ्या डोक्यावर आपटली, आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. पण मी वाकून वाकून बघत होते ते झांडरसाठी. एकही नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी कढईवर गेले. भोक पाडलं, तार सोडली. आकडा आला एकच्याही खाली. शून्य पूर्णांक नऊ. मी तार वर काढली, पुसली, पुन्हा सोडली. तेवढाच.

मग भोकात मासे आले. एक, दोन, मग इतके की पाणी दिसेना. झांडरचे डोळे काचेसारखे असतात, उजेडात पांढरे चमकतात. तोंडं वर करून, आ करून, ते हवा गिळायला बघत होते. त्यांच्यात वीतभर लांबीचेही होते. तेच इथं जन्मलेले. मी गुडघ्यावर बसले होते आणि त्यांची तोंडं माझ्या तोंडापासून हातभर लांब. मला काही सुचेना. एकच कळत होतं, की पंप तिकडे चालू आहे, तिथं प्राणवायू आहे, सहाशे पावलांवर, आणि या मूर्खांना तिकडे जायचं कळत नाही.

मी धावत गेले आणि डोनातला म्हटलं, "पंप उचल. माझ्या मागून ये."

तो ट्रॅक्टर घेऊन मागून आला. कढईपाशी थांबलो. मला वाटलं आता हा डोळे फाडील. त्यानं नुसतं भोकाकडे पाहिलं.

"झांडर कुठे बसतात म्हणून चार वर्षं मला विचारत होतास ना," मी म्हटलं, "घे. हीच ती जागा."

"मला माहीत होती, वहिनी."

"कधीपासून?"

"दहा वर्षं झाली. झेनोनच्या मागावर आलो होतो एकदा."

दहा वर्षं. या चोरानं दहा वर्षांत इथं एक जाळं टाकलं नव्हतं. मला विचारत राहिला ते नुसतं मला छळायला. त्या वेळी त्याला काहीतरी म्हणायला हवं होतं मी. पण म्हटलं ते हे, "नळी सोड खाली."

डोनात हलला नाही. "इथं नको. त्या पोरीनं काय सांगितलंय?"

"ती पोर इथं आहे का? बघ त्यांच्याकडे. संध्याकाळपर्यंत एक उरणार नाही."

"मग उपसून नेऊ तिकडे. टपात घालून."

"नेऊन बघ."

त्यानं बघितलं. मोठा झांडर हळूच जाळीनं उचलला, दुधाच्या कॅनमध्ये पाण्यात घातला आणि पळाला. परत आला तेव्हा म्हणाला, मासा वाटेतच मेला. मला ठाऊकच होतं. झांडर हात लागला तरी मरतो, या थंडीत तर बाहेर काढताक्षणी कल्ले गोठतात.

"मी नळी वरच ठेवते," मी म्हटलं. "बर्फाच्या खाली हातभर फक्त. चिखलापर्यंत जाणारच नाही ती."

"पाणी फिरलं की खालचं वर येणारच, वहिनी. मी बटाट्याच्या शेताचं तळं उपसतो दरवर्षी, मला ठाऊक आहे. थांब एक दिवस. बाकीचे आले तसे हेही जातील."

"तू मला नियम शिकवणार? तू?" माझा आवाज चढला. "आयुष्यभर चोऱ्या केल्यास आणि आज साधू झालास होय? तुझे असते हे मासे तर थांबला असतास का?"

हे बोलले मी. ज्याला दहा वर्षं जागा ठाऊक होती त्याला बोलले.

त्यानं नळी खाली सोडली, अगदी वर, हातभर खोल, मी म्हटलं तशी. पंप सुरू केला. पाणी उडालं, उन्हात चमकलं, भोकात पडलं. पहिली काही मिनिटं आकडा वर गेला. एक. एक पूर्णांक तीन. मी डोनातकडे असं पाहिलं की बघ, कोण शहाणं. देवा, ती माझी नजर मला अजून आठवते.

मग वास आला. सडक्या अंड्यांचा. उडणारं पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी, मग काळं. मी ओरडायच्या आत डोनातनं पंप बंद केला होता. पण कढई ढवळली गेली होती आणि ढवळलेलं खाली बसवता येत नाही. यंत्र शून्याच्या जवळ येऊन थांबलं. भोकातली तोंडं एकेक करून बंद झाली आणि मग पांढरी पोटं वर यायला लागली, लहान आणि मोठी, इतकी की वरच्यांना खालचे ढकलत होते. आवाज काही नाही. मासा मरताना आवाज करत नाही.

अर्धा दिवस लागला नाही. झेनोनची पंधरा वर्षं मी दुपारच्या जेवणाच्या आत मारली.

गाव जमलं. गुदमरलेला मासा खायला चालतो, वाया घालवणं पाप. पण माझ्या सांगण्याशिवाय कुणी हात लावेना. चार वर्षं मी एकेका झांडरसाठी लोकांच्या पिशव्या उलट्या केल्या होत्या. आता सगळे बादल्या घेऊन उभे आणि माझ्या तोंडाकडे बघताहेत. "न्या," मी म्हटलं. लोकांनी मान खाली घालून मासे भरले. कुणीतरी माझ्या दारात झाकलेली बादली ठेवून गेलं. मी ती उघडली नाही. डोनात संध्याकाळी आला आणि घेऊन गेला.

दोन दिवसांनी दक्षिणेचा वारा सुटला. पाऊस आला. ओढा फुगला, बर्फाखालून ताजं पाणी तळ्यात शिरलं आणि आठवडा संपायच्या आत कढईवरच्या त्याच भोकात यंत्र चार दाखवायला लागलं. दोन दिवस. मी दोन दिवस हात बांधून बसले असते तरी चाललं असतं.

रूता आली. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिनं काळ्या मनुकांचा चहा हातात धरून ठेवला, प्यायली नाही. "शून्य पूर्णांक नऊवर ते कदाचित तसेही गेले असते, मावशी," ती म्हणाली.

"कदाचित," मी म्हटलं.

"हो. कदाचित."

चांगली पोर आहे. खोटं बोलायला आली होती आणि तिला जमलं नाही.

एप्रिलमध्ये झाडं बुडाली. सगळ्यांची, चकत्यांसकट. या वर्षी कुणी पैज लावली नाही. मे उजाडला तसं तळ्याचं पाणी कधी नव्हे इतकं नितळ झालं. टपालवाला होडीच्या धक्क्यावर उभा राहून म्हणाला, "वा, तळाचे दगड दिसताहेत, एवढं स्वच्छ कधी नव्हतं." बिचाऱ्याला काय कळणार. पाणी नितळ झालं कारण त्यातलं बारीक शेवाळ खाऊन टाकणाऱ्या पाण्यातल्या पिसवा माजल्या होत्या, आणि पिसवा खाणारी माशांची पिल्लं नव्हती. मला ते पाणी बघवेना. तरी राखणदार आहे, झाडं तपासायचं काम माझंच. तळाला काच लावलेली बादली घेऊन मी होडीतून एकेक झाड बघत निघाले. आमचं झाड रिकामं. शेजाऱ्यांचं रिकामं. फांद्यांवर गाळ बसलेला, गोगलगाई फिरताहेत.

डोनातच्या झाडाखाली एक झांडर होता.

मी बादली काढली, काच पुसली, पुन्हा बघितलं. नर होता, विणीच्या दिवसांतला, पोट काळसर झालेलं. तो कुठून वाचला देव जाणे. ओढ्याच्या तोंडाशी गेला असेल, मला दिसला नसेल. झाडाखालचा सगळा गाळ त्यानं शेपटीनं झाडून काढला होता. घर स्वच्छ करून तो तिथं उभा होता, कल्ले हलवत. झांडरचा नर असाच असतो. जागा साफ करतो, मादी येऊन अंडी घालून जाते आणि मग पिल्लं फुटेपर्यंत हा काही न खाता राखण करतो, जवळ येईल त्याला चावतो. झेनोनच्या अंगठ्यावर अशा एका नराच्या दातांचा वण होता. पाहुणे आले की दाखवायचा.

मी डोनातला घेऊन आले. तो होडीत पालथा पडून बराच वेळ बादलीतून बघत होता. त्याच्या झाडाला पहिल्यांदा मासा लागला होता. मी वाट बघत होते की आता काहीतरी बोलेल, मी माशांचे कान भरल्याबद्दल, कशाबद्दलही.

"मादी आहे का कुठे?" त्यानं विचारलं.

"मी सगळं तळं बघितलंय. आठ दिवस."

तो उठून बसला आणि वल्ही हातात घेतली.

मी रोज जात राहिले. मे संपला, पाणी तापलं, विणीचे दिवस उलटून गेले. पर्चची पोरं काठाला वळवळायला लागली. एकदा एक करूसा त्या झाडापाशी रेंगाळला तर नरानं त्याला असा पिटाळला की माझ्या होडीला धक्का बसला. बाकी वेळ तो शेपटीनं पाणी घालत होता, जिथं अंडी असायला हवी होती त्या फांद्यांवर. तो वाळत चालला होता. डोकं मोठं दिसायला लागलं होतं.

जूनच्या पहिल्या रविवारी चर्चमधून आल्यावर मी तशीच, सणाच्या कपड्यांत, होडीत बसले. झाड उथळात आहे, वाकलं की शेंड्याला हात पोचतो. मी बाही वर केली आणि हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. का ते मला विचारू नका. त्याला हाकलायला असेल, जा बाबा, खा, जग, म्हणून. तो सरळ माझ्या हातावर आला. अंगठ्याच्या मुळाशी दात रुतले आणि तो सोडेना. मीही हात ओढला नाही. पाण्यात रक्ताची बारीक दोरी वर आली. त्याला वाटलं असणार, मी काहीतरी न्यायला आलेय.